आधी पाय, मग शेपूट

बेडूकमाशाला पाय फुटतात तेव्हा त्याचं शेपूट जागच्या जागी असतं. शाळेच्या पुस्तकात हे चित्र असतं: अंडी, बेडूकमासा, मागचे पाय, पुढचे पाय, आखूड होत गेलेलं शेपूट आणि मग बेडूक, सगळं बाणांनी जोडून गोल फिरवलेलं. परीक्षेपुरतं आपण ते काढतो, नावं देतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं होतं. पुढे केव्हातरी संप्रेरकांविषयी काहीबाही वाचताना त्या चित्राकडे पुन्हा लक्ष गेलं आणि एक बाळबोध प्रश्न पडला. शेपूट शेवटीच का जातं?

आधी गेलं तर बिचारं पोहणार कशाने, हे उत्तर लगेच सुचतं. पण ते फायद्याचं उत्तर झालं. शेपटाला कोण सांगतं, की थांब, अजून पाय आलेले नाहीत?

कुणीच सांगत नाही. पाय आणि शेपूट या दोघांकडे रक्तातून एकच निरोप येतो, थायरॉईड ग्रंथीतून निघालेल्या संप्रेरकाचा. हा रेणू पायाच्या कोंबापाशी पोहोचला की तिथल्या पेशी वाढायला लागतात. तोच शेपटात पोहोचला की तिथल्या पेशी मरायला लागतात. कल्ले त्याच्यामुळेच नाहीसे होतात. शेवाळ खाणाऱ्याच्या आतड्याचं लांबलचक वेटोळं आखडतं आणि किडे खाणाऱ्याचं आखूड आतडं तयार होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं. यकृत अमोनियाचा युरिया करायला लागतं, कारण पाण्याबाहेर राहायचं तर अमोनिया नुसता सोडून मोकळं होता येत नाही. तोंड रुंदावतं, डोळे जागा बदलतात, मेंदूत नव्या जोडण्या होतात. एवढी सगळी उलथापालथ आणि निरोप एकच.

मग क्रम कुठून येतो? प्रत्येक अवयव तो निरोप किती लवकर ऐकतो त्यावरून. पायांचे कोंब तिखट कानाचे, रक्तात थोडं संप्रेरक आलं तरी त्यांना पुरतं. शेपटाच्या पेशींत मात्र एक एन्झाइम असतं, ते आलेल्या संप्रेरकातला आयोडीनचा अणू काढून त्याला निकामी करून टाकतं. त्यामुळे शेपूट बरेच दिवस बहिरं राहतं. संप्रेरकाची पातळी अगदी शिगेला पोहोचते तेव्हा कुठे त्याला ऐकू जातं, आणि तोवर पाय तयार झालेले असतात. जीवशास्त्रातली फार थोडी स्पष्टीकरणं मला इतकी समाधान देऊन गेली आहेत.

हे कळण्याची सुरुवात १९१२ साली झाली. गुडरनाच नावाच्या संशोधकाने बेडूकमाशांना वेगवेगळ्या प्राण्यांच्या ग्रंथी खायला घालून पाहिल्या. घोड्याची थायरॉईड ग्रंथी खाल्लेल्या पिल्लांचं रूपांतरण वेळेच्या कितीतरी आधी झालं आणि अगदी चिमुकले बेडूक तयार झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतला कार्यकारी पदार्थ, थायरॉक्सिन, वेगळा काढला. १९१६ मध्ये बेनेट अ‍ॅलन यांनी उलटा प्रयोग केला. अगदी लहान पिल्लांची थायरॉईड काढून टाकली. ती पिल्लं मेली नाहीत, आजारीही दिसली नाहीत. ती खात राहिली, वाढत राहिली, भलीमोठी झाली आणि बेडूकमासेच राहिली.

अ‍ॅलन यांचा हा प्रयोग मी मुद्दाम लक्षात ठेवला आहे. कारण पुढे पाण्यातल्या रसायनांबद्दल जे वाचलं, ते बरंचसं याच प्रयोगाची नकळत झालेली नक्कल आहे. फक्त शस्त्रक्रिया करणारा कुणी नाही.

जाता जाता एक सांगून टाकते. शेपूट नाहीसं व्हायचं तर त्यातलं कोलॅजन, म्हणजे कातडीला आणि सांध्यांना घट्टपणा देणारं चिवट प्रथिन, कशाने तरी तुटायला हवं. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये बेडूकमाशाच्या शेपटात ते तोडणारं एन्झाइम शोधून काढलं. त्याच घराण्यातली एन्झाइम्स आज संधिवात आणि कर्करोगाच्या अभ्यासात महत्त्वाची मानली जातात. बेडकाच्या शेपटाचं हे उपकारांचं खातं फारसं कुणाला माहीत नसतं.

रूपांतरणाचा ऐन काळ हा त्या जिवाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ. आतडं नव्याने बांधलं जात असतं, त्यामुळे खाणं बंद. आक्रसणारं शेपूट हीच शिदोरी. धड पोहता येत नाही, धड उडी मारता येत नाही. १९७८ साली आर्नल्ड आणि वासरसग यांनी गार्टर सापांच्या पोटात काय सापडतं ते पाहिलं, तर त्यात अशी अर्धवट अवस्थेतली पिल्लं प्रमाणाबाहेर होती. म्हणजे हे संक्रमण जितकं लवकर उरकेल तितकं बरं. पण ते सुरू केव्हा करायचं, हेही ठरवावं लागतं. लवकर बदललं तर बेडूक लहान होतो आणि लहान बेडूक जमिनीवर कमी टिकतो. थांबावं तर डबकं आटायची भीती. वाळवंटी भागातल्या स्पेडफूट नावाच्या भेकांची पिल्लं पाणी कमी होऊ लागलं की रूपांतरण पुढे ओढतात. पाणी घटण्याचा ताण मेंदूतल्या संप्रेरकांमार्फत थेट थायरॉईडपर्यंत पोहोचतो आणि निरोप लवकर सुटतो.

म्हणजे ही व्यवस्था पाण्याकडे कान लावून बसलेली असते. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसता जेलीसारखा थर असतो. पिल्लाची कातडी इतकी पातळ की पाण्यातलं बरंच काही तिच्यातून आरपार जातं. पाण्याची बातमी कळावी म्हणून जो जीव इतका उघडा, त्याच्या पाण्यात आपण खोटे निरोप सोडले तर काय होईल?

पर्क्लोरेटचं उदाहरण सगळ्यात सरळ आहे. हा क्षार रॉकेटच्या घन इंधनात वापरतात, फटाक्यांत वापरतात, आणि तो पाण्यात सहज विरघळून भूजलापर्यंत जातो. थायरॉईड ग्रंथीच्या पेशींना रक्तातून आयोडीन उचलून आत घ्यावं लागतं. पर्क्लोरेटचा कण त्या उचलणाऱ्या प्रथिनाला आयोडीनसारखाच वाटतो आणि तोच दार अडवून बसतो. डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक होतं. थायरॉईड जास्त काम करणाऱ्या रुग्णांना पूर्वी औषध म्हणून पर्क्लोरेट देतही असत. बेडूकमाशांच्या पाण्यात ते घातलं तर अ‍ॅलनच्या प्रयोगातलंच दृश्य दिसतं. पिल्लं जगतात, पण पुढचे पाय बाहेर येत नाहीत, शेपूट जात नाही. स्वच्छ पाण्यात हलवली की रूपांतरण पुन्हा चालू होतं. प्रयोगशाळेत हे 'परिणाम उलटवता येतो' म्हणून नोंदलं जातं आणि वाचायला दिलासादायक वाटतं. पण आटत चाललेल्या डबक्यातल्या पिल्लाला स्वच्छ पाण्यात कोण हलवणार?

बाकीची रसायनं इतकी सरळ वागत नाहीत. बिस्फेनॉल-ए घ्या. १९३६ मध्ये चार्ल्स डॉड्स यांनी दाखवलं होतं की हा पदार्थ इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे मादीपण घडवणाऱ्या संप्रेरकासारखं, काम करतो. पुढे त्यांना त्याहून कितीतरी ताकदवान कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं, म्हणून औषध म्हणून बिस्फेनॉल-ए मागे पडलं आणि यथावकाश प्लास्टिकच्या कारखान्यात गेलं. (इस्ट्रोजेन म्हणून माहीत असलेल्या पदार्थापासून आपण पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या बनवल्या, हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं होतं.) बेडूकमाशांत हाच पदार्थ थायरॉईड संप्रेरकाच्या कामातही आडवा येतो आणि रूपांतरण रेंगाळतं.

ट्रायक्लोसॅन हे जंतुनाशक साबणातलं रसायन. त्याच्या रेणूची ठेवण थायरॉईड संप्रेरकाशी थोडी मिळतीजुळती आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या गटाने २००६ मध्ये असं मांडलं की अत्यल्प ट्रायक्लोसॅनही बुलफ्रॉगच्या पिल्लांमध्ये थायरॉईडचा परिणाम बदलतं. नंतर त्यावर वाद झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती साबणांतून ट्रायक्लोसॅन काढायला लावलं. पण कारण बेडूक नव्हतं. हा पदार्थ रोजच्या दीर्घ वापरासाठी सुरक्षित आहे आणि साध्या साबणापाण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. इतकी वर्षं लोक हात धुऊन ते गटारात सोडत होते आणि त्याचा फायदा सिद्धच नव्हता. प्रदूषणाच्या कथांमध्ये मला हा प्रकार सगळ्यात जास्त चीड आणतो. फायद्यासाठी तोटा पत्करला, हे समजू शकतं. इथे फायद्याचाच पत्ता नव्हता.

आता सगळ्यात गाजलेल्या प्रकरणाकडे येते. अ‍ॅट्राझिन.

हे तणनाशक १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं, अमेरिकेत मक्याच्या शेतांवर प्रचंड प्रमाणात वापरलं गेलं आणि आजही वापरलं जातं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ टायरोन हेझ आधी उद्योगाच्याच पैशावर त्याचा अभ्यास करत होते. मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. २००२ मध्ये त्यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकावरचे निष्कर्ष छापले. पाण्याच्या एक अब्ज भागांत अ‍ॅट्राझिनचा ०.१ भाग, इतक्या कमी प्रमाणातही काही नर पिल्लांच्या शरीरात वृषणांच्या जोडीने अंडाशयाचा ऊतक आढळला. २०१० मध्ये त्यांनी पुढचा प्रयोग मांडला. ४० नर बेडूक, सगळे जनुकीय दृष्ट्या खात्रीने नर, अब्जात २.५ भाग अ‍ॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढवले. त्यातल्या सुमारे १० टक्क्यांच्या पूर्ण माद्या झाल्या. त्यांनी इतर नरांशी जुगून अंडी घातली आणि त्या अंड्यांतून फक्त नर निघाले. ते साहजिकच आहे, कारण झेनोपसमध्ये नराची दोन्ही लिंग गुणसूत्रं सारखी असतात. दोन्ही पालक मुळात नर असतील तर मादी होण्याचं गुणसूत्र येणार कुठून?

या प्रयोगाची बातमी जगभर 'बेडकांचं लिंग बदललं' अशी गेली आणि त्यावर पुष्कळ पाचकळ विनोद झाले. मला त्या मथळ्यांचा कंटाळा येतो. त्यात बेडूक मागे पडतो आणि वाचणाऱ्याच्या स्वतःच्या मर्दानगीची काळजी पुढे येते. त्या ४० बेडकांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश धड प्रजोत्पादन करू शकत नव्हते. लोकसंख्येच्या दृष्टीने हा आकडा १० टक्क्यांच्या आकड्यापेक्षा गंभीर आहे. पण त्यावर विनोद होत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता दुसरी बाजू. इतर काही प्रयोगशाळांना असे परिणाम दिसले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये निष्कर्ष काढला की अ‍ॅट्राझिनमुळे बेडकांच्या जननग्रंथींवर विपरीत परिणाम होत नाही. या निष्कर्षाचा मुख्य आधार उत्पादक कंपनीने, सिंजेंटाने, पैसे पुरवलेले अभ्यास होते. ते अभ्यास काटेकोर नियम पाळून झाले होते हेही खरं. युरोपीय संघाने मात्र भूजलातल्या अ‍ॅट्राझिनमुळे त्याची परवानगी आधीच काढून घेतली होती. तिथे मुद्दा बेडकांचा नव्हताच. भूजलात कोणतंही एक कीडनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर नको, असा सरसकट नियम होता आणि अ‍ॅट्राझिन तो मोडत होतं. एका देशाने विचारलं, अपाय सिद्ध झाला का? दुसरीकडे विचारलं, हे पाण्यात असायचं कारणच काय? प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.

२०१२ मध्ये सिंजेंटाने अमेरिकेतल्या पाणीपुरवठा यंत्रणांशी १० कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली, चूक मान्य न करता. त्या खटल्यांच्या ओघात बाहेर आलेल्या कंपनीच्या कागदपत्रांत हेझ यांची विश्वासार्हता कशी कमी करता येईल याच्याही नोंदी सापडल्या. म्हणून हेझ यांचा प्रत्येक आकडा बरोबर ठरतो असं नाही. पण कुणाचे प्रयोग पुन्हा करून पाहणं आणि कुणाच्या मागे लागणं यात फरक आहे. दुसऱ्या गोष्टीवर जी बुद्धी खर्च झाली ती पहिल्यावर झाली असती तर आज आपल्याला जास्त ठाऊक असतं.

यात एक गोष्ट मात्र कधीच वादात नव्हती. बेडकाचं लिंग संप्रेरकाने उलटवता येतं, हे प्रदूषणाची चर्चा सुरू होण्याच्या खूप आधीपासून माहीत होतं. १९५० च्या दशकातच गालिएन आणि विची यांच्या प्रयोगशाळांनी झेनोपसच्या पिल्लांना इस्ट्रोजेन देऊन जनुकीय नरांच्या माद्या केल्या होत्या, आणि त्या माद्यांना पिल्लंही झाली. गुणसूत्रं सुरुवातीची दिशा देतात, पण वाढीच्या ठरावीक काळात इस्ट्रोजेनचा निरोप जोरात आला तर जननग्रंथी त्याचं ऐकते. तो काळ सरला की मग कितीही इस्ट्रोजेन द्या, प्रौढ नराची मादी होत नाही. इथेही सगळा खेळ वेळेचा.

आणि इस्ट्रोजेन पाण्यात येतं ते काही फक्त कारखान्यांतून नाही. गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन शरीरातून मूत्रावाटे बाहेर पडतं, सांडपाणी शुद्धीकरणातून काही अंशी निसटतं आणि नदीत जातं. कॅनडातल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ पासून तीन वर्षं हे संप्रेरक लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतक्या पातळीला ठेवलं. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. तेवढ्याने तळ्यातल्या फॅटहेड मिनो या माशांचे नर अंड्यातलं प्रथिन बनवायला लागले आणि काही वर्षांत त्या माशांची संख्या जवळजवळ शून्यावर आली. उदाहरण माशांचं आहे, पण एक अख्खं तळं डोळ्यांदेखत बदललेलं दाखवणारा असा प्रयोग दुसरा सहज सापडत नाही.

इथपर्यंत वाचल्यावर माझं मत पक्कं होत आलं होतं. माणसाने पाणी बिघडवलं आणि नरांच्या माद्या झाल्या, असं सुबक वाक्य तयार होतं. मग येल विद्यापीठातल्या मॅक्स लॅम्बर्ट यांचं काम वाचनात आलं. २०१५ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उपनगरांतल्या तळ्यांत ग्रीन फ्रॉगच्या नव्या पिढीत माद्यांचं प्रमाण जंगलातल्या तळ्यांपेक्षा जास्त आहे, आणि त्या तळ्यांत इस्ट्रोजेनसारखी रसायनंही सापडतात. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण त्यांनी पुढे जनुकीय चाचणी विकसित केली. प्रत्येक बेडूक जन्मतः कोण होता आणि आता कोण आहे हे ताडून पाहता येऊ लागलं. २०१९ मध्ये छापलेले निकाल असे, की लिंगबदल जंगलातल्या तळ्यांतही होतो. दोन्ही दिशांनी होतो. उपनगरांशी त्याचा ठळक संबंध दिसला नाही.

म्हणजे काही बेडकांच्या बाबतीत हा निसर्गाचाच भाग असावा. ज्या तळ्याला आपण बिघडलेलं समजत होतो, त्याची तुलना कशाशी करायची हेच नीट ठाऊक नव्हतं. मला हा शोध फार आवडतो, कारण आधीचा निष्कर्ष ज्यांचा, त्यांनीच पुढे जाऊन तो गुंतागुंतीचा करून ठेवला. वनस्पतींचंही तसंच. क्लोव्हरसारख्या काही वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखे पदार्थ मुळातच असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात क्लोव्हर चरणाऱ्या मेंढ्यांना वंध्यत्व यायला लागलं, तेव्हा ते ध्यानात आलं. पाण्यातला खोटा निरोप हा माणसाचा शोध नाही. माणसाने केलं ते इतकंच, की निरोपांची संख्या आणि जोर वाढवला, आणि ज्यांची उत्क्रांतीत कधी गाठच पडली नव्हती असे रेणू त्यात सोडले.

सावध राहायचा आणखी एक धडा १९९५ चा आहे. अमेरिकेत मिनेसोटामध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांना तळ्याकाठी विद्रूप बेडूक सापडले. कुणाला पाय कमी, कुणाला जास्त. संशय लगेच रसायनांवर गेला आणि तो स्वाभाविक होता. पुढे जास्तीच्या पायांचा मोठा दोषी निघाला तो रिबेरोइया नावाचा परजीवी. तो बेडूकमाशाच्या पायाच्या कोंबात शिरून बसतो. रसायनं सुटली का? पूर्णपणे नाही. शेतातली खतं तळ्यात आली की शेवाळ वाढतं, शेवाळावर गोगलगाई वाढतात, आणि गोगलगाईंतून हा परजीवी बाहेर पडतो. २००८ मधल्या एका अभ्यासात अ‍ॅट्राझिनमुळे असंच घडताना दिसलं: गोगलगाईंचं खाद्य वाढलं आणि बेडकांची प्रतिकारशक्ती घटली, मग परजीवींचं फावलं. कारणांची अशी साखळी न्यायालयात उभी करायची म्हणजे कठीणच.

मिश्रणाचा प्रश्न तर आणखी किचकट. प्रयोगशाळेत एका वेळी एक रसायन तपासतात, तळ्यात ती सगळी एकत्र असतात. हेझ यांच्या गटाने २००६ मध्ये मक्याच्या शेतांवर वापरली जाणारी नऊ कीडनाशकं-तणनाशकं प्रत्येकी अब्जात ०.१ भाग अशी एकत्र घातली. एरवी जे पिल्लू जास्त दिवस पाण्यात राहतं ते मोठं होऊन बाहेर पडतं. उशिराचा मोबदला आकाराने मिळतो. या मिश्रणात वाढलेल्या पिल्लांचं रूपांतरण उशिरा झालं आणि तरी ती लहानच राहिली. डबकं आटण्याचा धोकाही पत्करला आणि हाती काही लागलं नाही. शिवाय त्यांच्या प्रतिकारशक्तीशी निगडित थायमस ग्रंथीलाही इजा झालेली होती.

जगातले बेडूक कमी का होत आहेत, या प्रश्नाचं पहिलं उत्तर संप्रेरक बिघडवणारी रसायनं हे नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. २०२३ च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात आहेत. अधिवास नष्ट होणं, हवामान बदल आणि कायट्रिड बुरशीचा रोग ही त्यातली मोठी नावं. एकट्या त्या बुरशीने किमान ५०० प्रजातींना फटका दिला आणि ९० बहुधा नामशेष केल्या, असा २०१९ चा अंदाज आहे. रसायनं या यादीत खाली दिसतात. पण ती खाली का दिसतात याचा विचार करताना मला वाटतं, आपली मोजायची रीतही त्याला कारण आहे. बुरशीने मेलेला बेडूक सापडतो. वेळ चुकलेला बेडूकमासा सापडत नाही. तो साप खाऊन टाकतो, किंवा डबक्याबरोबर वाळतो, किंवा लहानखुरा बेडूक होऊन पहिल्याच कोरड्या ऋतूत संपतो. त्याच्या मृत्यूच्या नोंदीत कुठल्याही रसायनाचं नाव येत नाही.

विषाची परीक्षा करण्याची जुनी पद्धत अशीच मेलेले मोजण्याची. चार दिवसांत निम्मे जीव कोणत्या मात्रेला मरतात, ते पाहायचं. पर्क्लोरेट त्या परीक्षेत आरामात पास होतं. हे लक्षात आल्यावर २००९ मध्ये झेनोपसच्या पिल्लांवरची एक आंतरराष्ट्रीय चाचणी ठरली. पिल्लं २१ दिवस रसायनाच्या पाण्यात ठेवायची आणि मागच्या पायांची लांबी, वाढीची अवस्था, थायरॉईड ग्रंथीची रचना तपासायची. कोण मेलं यापेक्षा कोण मागे राहिलं, कोण अकाली पुढे गेलं, ते पाहायचं. २०१९ मध्ये त्याहून झटपट चाचणी आली. त्यात जनुकीय बदल केलेली पिल्लं वापरतात आणि थायरॉईडचा निरोप वाढला की कमी झाला ते त्यांच्या अंगच्या प्रकाशावरून तीन दिवसांत कळतं. बेडकाच्या आणि माणसाच्या थायरॉईड संप्रेरकाचा रेणू तंतोतंत एकच आहे आणि गर्भातल्या मेंदूची घडण त्यावर अवलंबून असते. त्यामुळे या चाचण्यांमध्ये माणसाचा स्वार्थही आहेच. पूर्वीही तो होता. १९३० च्या दशकापासून काही दशकं स्त्रीचं मूत्र झेनोपसच्या मादीला टोचून गर्भधारणेची परीक्षा करत असत. बेडकीने अंडी घातली की बाई गरोदर.

चाचण्या सुधारल्या, पण पाणी मोजायची पद्धत अजून जुनीच आहे. तणनाशक पेरणीच्या सुमाराला फवारतात. त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस ते वाहून सखल जागी नेतो, आणि त्याच पावसाने भरलेल्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात. पाण्यातली मात्रा सगळ्यात जास्त आणि पिल्लांचे कान सगळ्यात तिखट, हे दोन्ही एकाच काही आठवड्यांत जुळून येतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातल्या अ‍ॅट्राझिनची मर्यादा अब्जात ३ भाग आहे आणि ती पाळली गेली की नाही हे वर्षभराच्या नमुन्यांच्या सरासरीवरून ठरतं. माणसासाठी ही रीत कदाचित चालेलही, बेडकांसाठी ती कधी बनवलीच नव्हती. पण डबक्यांचं बोलायचं तर तिथे सरासरी काढायलाही नमुने नसतात. मोजमाप होतं ते नद्यांचं आणि जलाशयांचं.

सांडपाण्याच्या बाजूने काही हालचाल दिसते. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक शुद्धीकरण केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कार्बन वापरून असे सूक्ष्म प्रदूषक काढायला लावले. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने मोठ्या केंद्रांना तेच बंधनकारक केलं आणि त्या जादा खर्चातला किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. उत्पादकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आहे. गोळीतलं इस्ट्रोजेन यातून बरंच अडेल. शेतातून वाहणारं पाणी मात्र कुठल्याच केंद्रातून जात नाही. तिथे काठावर गवताचा रुंद पट्टा राखणं, पावसाच्या तोंडावर फवारणी टाळणं, आणि नमुने बेडकांची अंडी दिसतात त्याच आठवड्यांत घेणं, एवढंच सध्या हातात आहे, आणि यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही.